सुटकेची तारीख माहीत नसताना

प्रश्न : माझं वय 36. भांडुपच्या चाळीत वाढलो. बारावीनंतर आयटीआय केलं, वायरमनची कामं करायचो. सात वर्षांपूर्वी नळावर पाण्याच्या रांगेवरून भांडण झालं. रागाच्या भरात मी शेजारच्या मुलाच्या डोक्यात पाइप घातला. तो चोवीस वर्षांचा होता. दोन दिवसांनी गेला. मला जन्मठेप झाली. आधी आर्थर रोडला होतो, आता मुंबईबाहेरच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. गेल्या वर्षी हायकोर्टानं अपील फेटाळलं.

तोवर मी दिवस मोजत होतो. बराकीतले जुने लोक म्हणायचे, चौदा वर्षं भर, सुटशील. वकील म्हणाले, असं काही नसतं, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. तेव्हापासून डोकं सुन्न आहे. रात्री बराकीत दिवा चालू असतो, झोप लागत नाही. कधी वाटतं, संपून जावं. बायको पोळीभाजी केंद्रात काम करते, मुलगी पाचवीत आहे. मी बायकोला सांगितलं, मुलाखतीला, म्हणजे भेटीला, येऊ नकोस, दुसरं लग्न कर, पोरीला सांग बाप गेला. दिवस जाता जात नाही. सकाळी गिनती म्हणजे मोजणी, चहा, जेवण, संध्याकाळी बंदी म्हणजे बराकीला कुलूप. शेजारच्या काकांना लिहिता येत नाही, त्यांची पत्रं आणि अर्ज मी लिहून देतो, तेवढाच वेळ जातो. बाकी कशात राम नाही. त्या मुलाच्या आईला पत्र लिहून माफी मागावी असं सारखं वाटतं. लिहू का? आणि सुटकेची तारीखच नसेल तर माणसानं कशाच्या भरवशावर जगायचं?

(हे पत्र बंद्याच्या बहिणीमार्फत आलं. थोडं कमी केलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर : तुमचं पत्र ताईंनी जसंच्या तसं पाठवलं. पानाच्या डोक्यावर कारागृहाचा शिक्का आहे, शेजारी तपासणाऱ्याची सही आहे. म्हणजे ताईंनी हे उत्तर पोस्टानं पाठवलं की तेही तुमच्याआधी एखादे अधिकारी वाचतील. वाचू देत. यातलं बरंच काही त्यांच्याही कामाचं आहे.

‘संपून जावं’ हे वाक्य तुम्ही झोपेच्या वाक्याला जोडून लिहिलंत आणि लगेच पुढे गेलात. मी तिथून पुढे जाऊ शकले नाही. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हे. उद्या सकाळी कारागृहाच्या दवाखान्यात जाण्यासाठी नाव द्या आणि डॉक्टरांना नुसतं ‘झोपेची गोळी द्या’ म्हणू नका. ‘झोप लागत नाही आणि मरणाचे विचार येतात’ असं पूर्ण सांगा, कारण अर्धं सांगितलं तर उपचारही अर्धाच होतो. समुपदेशक येत असतील तर त्यांची वेळ मागा. आणि शेजारी झोपणाऱ्या एका माणसाला हे सांगून ठेवा. काका चालतील. माझा अंदाज आहे की त्यांनी असल्या रात्री काढलेल्या असणार.

तुम्हाला वाटत असेल, ज्याच्या हातून एक जीव गेला त्यानं कुठल्या तोंडानं उपचार मागायचे? मागायचे. न्यायालयानं तुम्हाला शिक्षा दिली ती कैदेची. रात्ररात्र जागून झुरत राहणं त्या निकालपत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मानसिक आरोग्यावरचे उपचार हा 2017 च्या कायद्यानं प्रत्येकाला दिलेला हक्क आहे आणि त्यातून बंद्यांना वगळलेलं नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1978 मध्ये, सुनील बत्रा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. हे वाचणाऱ्या नातेवाइकांनाही सांगते, घरातला माणूस आत असला की बाहेरच्यांचीही झोप उडते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता चौदा वर्षांचं. बराकीतले म्हणतात ते आणि वकील म्हणाले ते, दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे आणि या दोन अर्ध्यांच्या मध्ये तुम्ही अडकलात.

जन्मठेप म्हणजे कायद्यानं उरलेलं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच स्पष्ट केलं आहे. चौदा वर्षं भरली की आपोआप दार उघडतं, असा कायदा कुठेही नाही. पण मुदतपूर्व सुटकेचा अधिकार राज्य शासनाला आहे. खुनासारख्या गुन्ह्यात तो वापरण्याआधी प्रत्यक्ष 14 वर्षं आत काढलेली असावी लागतात, त्यात माफीचे, म्हणजे शिक्षेत सूट मिळालेले, दिवस धरत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 433-अ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 475 आहे. म्हणजे चौदा हा उंबरठा आहे. त्यापलीकडे महाराष्ट्र शासनानं गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे वर्ग पाडलेत आणि प्रत्येक वर्गाची वर्षं वेगळी आहेत. अचानक पेटलेल्या भांडणातला गुन्हा आणि कट रचून केलेला गुन्हा एका मापानं मोजत नाहीत. तुम्हाला शिक्षा लागली त्या दिवशी जे धोरण लागू होतं ते तुमच्या बाबतीत पाहिलं जातं, आणि नंतरचं धोरण तुमच्या जास्त फायद्याचं असेल तर ते. खटला चालू असताना आर्थर रोडला काढलेला काळही हिशेबात येतो. शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं आहे की ज्यांची पात्रता झाली त्यांच्या सुटकेचा विचार शासनानं स्वतःहून करायचा, बंद्याच्या अर्जाची वाट पाहत बसायचं नाही.

तेव्हा वकील खोटं बोलले नाहीत, पण पूर्ण बोललेही नाहीत. अपील फेटाळलं त्या दिवशी कदाचित त्यांनाही धीर नसेल. अशा दिवशी कानावर पडलेलं वाक्य माणूस आयुष्यभराचा निकाल म्हणून उराशी धरतो. तुम्ही तसंच केलंत.

यात तुम्ही करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, तुमच्या शिक्षेचा आणि आजवर मिळालेल्या माफीचा हिशेब कार्यालयातून मागून घ्या आणि स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. चूक असेल तर ती आज दुरुस्त करणं सोपं, बारा वर्षांनी कागद शोधणं महाकठीण. दुसरी गोष्ट, हायकोर्टानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. मुदत 90 दिवसांची असते. ती उलटली असेल तरी कारण देऊन उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी घर विकावं लागत नाही. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळतो आणि तो अर्ज कारागृहातूनच जातो. पूर्वतयारीशिवाय, अचानक भांडणात, रागाच्या भरात घडलेलं कृत्य खुनाऐवजी सदोष मनुष्यवधात बसतं का, हा मुद्दा तुमच्या खटल्यात मांडला गेला होता का, एवढं त्या वकिलांना नक्की विचारा. मी वकील नाही. तुमच्या कागदांत काय आहे ते मला माहीत नाही, त्यामुळे यातून काय निघेल हे मी सांगू शकत नाही. पण विचारल्याशिवाय राहू नका.

इतकं सांगून झाल्यावर मला हेही सांगायला हवं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. समजा उद्या कुणी येऊन तुमच्या हातात पक्की तारीख ठेवली, आजपासून तेरा वर्षांनी. आज रात्री झोप लागेल, उद्याची सकाळ बरी जाईल. परवाचं काय? परवा पुन्हा गिनती, चहा, जेवण, बंदी. तुम्ही धरून चाललात की जगणं सुटकेच्या दिवशी सुरू होणार आणि तोवरचा काळ नुसता ढकलायचा. मला ते पटत नाही. सुटून आलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रंही या सदराकडे येतात. ज्यांनी आतली सगळी वर्षं केवळ तारखेकडे डोळे लावून काढली, त्यांना बाहेर आल्यावर काय करायचं तेच उमगत नाही. भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही. मुलगा समोर बसतो आणि दोघांना बोलायला विषय नसतो. या पत्रांमधलं दुःख तुमच्या पत्रातल्या दुःखासारखंच असतं, फरक इतकाच की ती माणसं मोकळी असतात.

म्हणून मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं, तारीख सोडून त्यात आणखी काय आहे ते पाहायला. मधोमध एक ओळ सापडली, तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखी लिहिलेली. काकांना लिहिता येत नाही, त्यांची पत्रं आणि अर्ज मी लिहून देतो, तेवढाच वेळ जातो.

तेवढाच वेळ जातो? जरा थांबा. तो वेळ कसा जातो ते बघा. काका तुमच्याजवळ येऊन बसतात. आपल्या गावच्या बोलीत सांगायला लागतात, मध्येच विसरतात, मागचं पुढचं होतं, धाकट्या भावावरचा जुना राग उफाळतो. तुम्ही ऐकता. काय कागदावर घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवता, कारण भावाला शिव्या लिहिल्या तर रजेसाठी जामीन कोण राहणार? मग वाचून दाखवता. काका म्हणतात, परत वाच. तुम्ही परत वाचता. त्या पाकिटावर पत्ता घातला जातो तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाचं बाहेरच्या जगाशी उरलेलं सगळं नातं तुमच्या हातून गेलेलं असतं. उद्या तुमची बराक बदलली तर काकांची पत्रं कोण लिहील? याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर तुमच्या असण्यानसण्यानं कुणाला तरी फरक पडतो. मी उमेद म्हणते ती हीच. एवढीशी वाटेल, पण दुसरी कुठलीही उमेद जिथून सुरू होते ती जागा हीच आहे, असं मी मनापासून मानते.

हे काम नीट वाढवता येतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची पॅरालीगल, म्हणजे वकील नसताना कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या, स्वयंसेवकांची योजना आहे. त्यात दीर्घ शिक्षा भोगणारे, शिकलेले आणि वर्तणूक चांगली असलेले बंदीही घेतले जातात. प्रशिक्षण मिळतं, कारागृहातल्या विधी सहायता केंद्रात बसून इतरांचे अर्ज तयार करायचे असतात. तुम्ही बारावी झालेले, अक्षर स्वच्छ, सात वर्षं आतली व्यवस्था बघितलेली. अधीक्षकांकडे अर्ज करा, प्राधिकरणाचे वकील भेटीला येतात त्यांनाही सांगा. तुमच्या आसपास असे कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले, असतील की ज्यांना जामीन मंजूर झाला, पण जामीनदार नाही म्हणून ते आतच आहेत. असेही असतील की ज्यांचा पहिलाच गुन्हा आहे आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ त्यांनी आधीच आत काढलाय. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेले आणि एकाहून जास्त खटले चालू असलेले सोडले, तर अशांना जामिनावर सोडण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम 479 मध्ये आहे. त्यांना हे ठाऊक नसतं. कुणीतरी तारखा मोजून अर्ज लिहून दिला तर एखादा पोरगा दिवाळीला घरी असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. लिहून देण्याचे पैसे घेऊ नका, विडी-बिस्किटंसुद्धा नकोत. ‘तुझं काम होणारच’ असं कुणाला सांगू नका. आणि एकाचं प्रकरण दुसऱ्याच्या कानावर घालू नका. आत माहितीची केवढी किंमत असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या किमतीचा मोह पडला की मदतीचा धंदा होतो, आणि मग ज्याच्यासाठी हे करायचं ते समाधानही हातातून जातं.

तुरुंगात उमेद हवी म्हटलं की लोक लगेच मंडालेतल्या टिळकांचं नाव घेतात. तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेल. अशानं माणूस उलट खचतो. ते राजबंदी होते, त्यांच्या मागे देश उभा होता. तुमच्या मागे भांडुपची एक खोली आहे आणि मनावर एका मुलाच्या मरणाचा भार आहे. तुलना करू नका. पण दोन गोष्टी मला तुमच्यापुढे ठेवाव्याशा वाटतात. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलायचे. ते शब्द आज आपल्यापर्यंत आले, कारण तिथेच बंदी असलेल्या साने गुरुजींनी ते ऐकता ऐकता उतरवून घेतले. बोलणाऱ्याइतकंच लिहून घेणाऱ्याचंही ते काम होतं. दुसरी गोष्ट मुंबईची. प्रभाकर संझगिरी साठच्या दशकात इथल्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी अणूवर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. शासनानं हस्तलिखित बाहेर पाठवायला नकार दिला. ते हायकोर्टात गेले, जिंकले, शासन सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये तिथेही हरलं. तो माणूस अणूबद्दल लिहीत होता, स्वतःच्या अटकेबद्दल नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. भिंतीपलीकडच्या कुणाला तरी काहीतरी समजावून सांगायचं होतं, म्हणून त्याला कागद हवा होता. तुम्हाला वायरिंग येतं. आपल्या चाळींमध्ये अर्थिंगचा पत्ता नसतो, एका बोर्डावर चार यंत्रं चालतात. घरातली वीज सुरक्षित कशी वापरायची हे सोप्या मराठीत वहीभर लिहिलंत तर वाचणारे मिळतील. पहिली वाचक पाचवीत आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोन्हींची केंद्रं राज्यातल्या मोठ्या कारागृहांत आहेत आणि पदवी पूर्ण केलेल्या बंद्यांना महाराष्ट्रात शिक्षेत विशेष माफी मिळालेली आहे. प्रवेशाच्या तारखा विचारून ठेवा. पुढे कधीतरी खुल्या, म्हणजे कमी पहाऱ्याच्या, कारागृहासाठी पात्र झालात तर नाही म्हणू नका. पैठणला, मोर्शीला, विसापूरला शेतीत काम असतं, माफी जास्त मिळते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर 1939 पासून बंदी कुटुंबासह राहत आलेत. पुढे मुदतपूर्व सुटकेचा विचार होतो तेव्हा हा माणूस पुन्हा गुन्हा करील का, त्याला आणखी आत ठेवून काही साधेल का, घरची स्थिती काय आहे, हे प्रश्न तपासावेत असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्ये लक्ष्मण नसकर प्रकरणात सांगितलं आहे. तुमची आजची कामं त्या दिवशी कागदावर येतील. पण केवळ त्यासाठी ती करू नका. काकांसारख्या माणसाला ते पहिल्या दिवशी कळतं.

आता बायको आणि मुलगी. इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे.

‘येऊ नकोस, दुसरं लग्न कर’ हे तुम्ही त्याग म्हणून बोललात. तिला ते कसं ऐकू गेलं असेल? पोळीभाजी केंद्रात उभ्यानं काम करायचं, एक खाडा टाकायचा, पहाटेची गाडी पकडायची, हातात पोरीचं प्रगतिपुस्तक, आणि खिडकीपाशी गेल्यावर कळायचं की नवऱ्यानं भेट नाकारली. मुंबईच्या बायांच्या वाट्याला हे फार येतं. आर्थर रोड कच्च्या कैद्यांनीच भरलेलं, शिक्षा लागली की माणूस नाशिक रोडला, येरवड्याला, कोल्हापूरला किंवा थेट नागपूर-अमरावतीला जातो आणि प्रत्येक मुलाखतीला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं मोजावं लागतं. तरी ती येत होती. तिनं पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. उद्या तिनं खरंच वेगळं व्हायचं ठरवलं तर आडवे येऊ नका, रागावू नका. पण तिच्या वतीनं तुम्ही निर्णय घेऊन टाकलात, हे बरोबर नाही. सात वर्षं तिनं घर सांभाळलंय, आपलं भलं कशात आहे ते तिला कळतं.

आणि पोरीला ‘बाप गेला’ सांगायचं? पाचवीतल्या मुलीला चाळीत कुणीतरी खरं सांगितल्याशिवाय राहत नाही. तेव्हा तिला दोन धक्के बसतील, एक तुमच्या गुन्ह्याचा आणि दुसरा आईनं खोटं सांगितल्याचा. तिला तिच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगायला हवं. बाबांच्या हातून फार मोठी चूक झाली, एका दादाचा जीव गेला, त्याची शिक्षा ते भोगतायत, तुझी यात काही चूक नाही. शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ते आईनं सांगावं, आणि नंतर तुम्ही.

तिला पत्र लिहा. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी. मोठ्या गोष्टी नकोत, ‘नीट अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको’ हेही नको. एखादं गणित घाला, उत्तर पुढच्या पत्रात. बल्ब कसा पेटतो त्याचं चित्र काढून पाठवा. तिला प्रश्न विचारा आणि तिनं पाठवलेलं उत्तर लक्षात ठेवून पुढचं लिहा. ती सहा पत्रांना उत्तर देणार नाही कदाचित. सातवं लिहा. महाराष्ट्रातल्या कारागृहांत मुलांसाठी गळाभेटीचे कार्यक्रम होतात, मध्ये काच किंवा जाळी नसते. पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारून घरी कळवा. ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीची, नोंदणी ताई मोबाइलवरून करू शकतील, म्हणजे दर वेळी गाडीभाड्याचा प्रश्न येणार नाही.

त्या मुलाच्या आईला लिहावं का, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात जड प्रश्न. माझं उत्तर आहे, लिहा, पण पाठवू नका. तुमची मागणी मी हलकी समजत नाही. पण त्या माउलीच्या दारात पोस्टमन तुमच्या नावाचं पाकीट घेऊन उभा राहिला तर त्या दिवशी तिच्या घरात काय होईल याचा विचार करा. तिनं कदाचित मोठ्या कष्टानं एखादी सकाळ सुरळीत केली असेल. शिवाय पुढे रजेच्या किंवा सुटकेच्या वेळी पोलीस त्या कुटुंबाचं म्हणणं विचारतात, त्यामुळे तुमचं पत्र दबावासारखंही वाटू शकतं. माफी करणं न करणं सर्वस्वी तिच्या हातात आहे, आणि तिनं ती कधीच केली नाही तरी तुम्हाला माणूस म्हणून जगावं लागेल. वहीत लिहा. त्या मुलाचं नाव लिहा, तुमच्या पत्रात ते एकदाही नाही. काय घडलं ते स्वतःला न वाचवता लिहा, ‘रागाच्या भरात’ हे शब्द न वापरता लिहून बघा. पुढे त्या घरातून कुणी स्वतःहून बोलायला तयार झालं, तर मध्ये एखादा समाजसेवक घेऊनच ते व्हावं.

ताई, शेवटचं तुमच्यासाठी, आणि तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी.

वहिनींना सांगा की आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेचा लाभ मिळू शकतो. 2023 पासून महिना 2,250 रुपये आहेत. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा, मुलीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, भाऊ कारागृहात असल्याचं प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक बरोबर न्यायचं, आणखी काय लागतं ते तिथे विचारायचं. भाऊ आत काम करत असेल तर राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेची चौकशी करा. 2022 मध्ये येरवड्यात ती सुरू झाली, बंद्याला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज 7 टक्के व्याजानं मिळतं आणि आतल्या मजुरीतून फिटतं. शाळेची फी, आजारपण अशा वेळी सावकाराकडे जाण्यापेक्षा हे बरं.

रजेचं आधीपासून ठरवा. संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, यात मोठा फरक असा की संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे नाहीत. दोन्हींसाठी जामीनदार लागतो आणि स्थानिक पोलिसांचा अहवाल जातो. तुमच्या भावानं त्याच चाळीतला पत्ता दिला तर हरकत येण्याची शक्यता फार, आणि माझ्या मते त्यानं तिथे येऊही नये, त्या कुटुंबाच्या डोळ्यांसमोर त्यानं फिरू नये. तुमचा स्वतःचा किंवा गावचा पत्ता द्या, आणि त्या भागातल्या पोलीस ठाण्यात कोण काय विचारील याची तयारी ठेवा. रजेवरून एक दिवसही उशिरा परतला तर मिळवलेली माफी जाऊ शकते, पुढच्या रजा अडतात, वर नवा गुन्हाही दाखल होतो. परतीचं तिकीट तुम्हीच काढून ठेवा.

कागदपत्रांत अडलात तर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून बंद्यांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतोय, तिथे जाऊन भेटा. आणि हे उत्तर पाठवाल तेव्हा पाकिटात चार कोरी आंतरदेशीय पत्रं घाला, पाठवायला परवानगी आहे का ते आधी विचारून. भाचीचा शाळेतला एखादा धडा उतरवून पाठवलात तर पहिल्या पत्रासाठी त्यांना विषय मिळेल.